लेण्यांतील जिनबिंबे आणि प्रकाशाची निवड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जाऊन आलेल्या बहुतेक प्रवाशांना एक गंमत ठाऊक असते. गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीवर मार्गदर्शक एका बाजूने बॅटरीचा झोत टाकतो, तेव्हा मूर्ती किंचित हसत असल्याचा भास होतो. दुसऱ्या बाजूने झोत टाकताच तीच मुद्रा गंभीर, काहीशी उदास वाटू लागते. प्रकाश समोरून आला की मुखावर ध्यानमग्न शांती दिसते. पाषाण तोच, शिल्पकाराने केलेले काम तेच. बदलते ती केवळ प्रकाशाची दिशा. प्रवासी क्षणभर थक्क होतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. परंतु त्यांच्यातील जो कोणी कॅमेरा घेऊन आलेला असतो, त्याच्यासाठी ही नुसती गंमत नाही. प्रत्यक्ष दर्शन घेणारा भाविक मूर्तीभोवती फिरून तिची सारी रूपे पाहू शकतो. छायाचित्रात मात्र एकच प्रकाश कायमचा राहतो. मूर्तीचे कोणते रूप पुढच्या पिढीच्या हाती जाणार, हे दिवा कोठे ठेवला आणि कोणता ठेवला, यावरून ठरून जाते.

आजच्या भाषणाचा विषय म्हणूनच वरवर पाहता तांत्रिक असला तरी त्याचा संबंध समाजाच्या वारशाशी आहे. वेरूळच्या लेण्यांपैकी क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी आहेत. राष्ट्रकूट राजवटीच्या काळात, स्थूलमानाने इसवी सनाच्या ९व्या व १०व्या शतकांत, त्यांतील बहुतांश काम झाले. बत्तिसाव्या क्रमांकाचे लेणे 'इंद्रसभा' या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील हत्तीवर आरूढ झालेल्या यक्षाला पूर्वीच्या पाहणाऱ्यांनी इंद्र मानले आणि तेच नाव रूढ झाले. त्याच लेण्यात आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका यक्षी आहे, सप्तफणांच्या छत्राखाली उभे असलेले पार्श्वनाथ आहेत आणि पायांवर वेली चढलेले बाहुबली आहेत. वरच्या मजल्याच्या छतावर रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले हे रंग आज अनेक ठिकाणी पुसट झाले आहेत. पाषाणाचे आयुष्य दीर्घ असते. रंगाच्या पापुद्र्याचे तसे नसते. त्या छताची प्रामाणिक रंगीत नोंद आज ज्या स्थितीत घेता येईल, त्याच स्थितीत ती आणखी पन्नास वर्षांनी घेता येईल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

दुसरीकडे, कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे लेण्यांची शेकडो छायाचित्रे असतात. ती नीट पाहिली तर काय दिसते? चेहरा फटफटीत पांढरा, त्याच्यामागे काळाकुट्ट अंधार, छातीवर चकाकणारा एक डाग आणि पायांवरच्या वेली जवळजवळ अदृश्य. छताच्या चित्रांत तांबड्याच्या जागी तपकिरी आणि हिरव्याच्या जागी करडा रंग. अनेक संस्थांच्या स्मरणिकांमध्येही अशीच चित्रे छापली जातात. यात दोष भावनेचा नाही, कॅमेऱ्याचाही फारसा नाही. दोष प्रकाशाच्या निवडीचा आहे.

गुहेच्या अंधारात छायाचित्र कसे घ्यावे, हा प्रश्न छायाचित्रणकलेइतकाच जुना आहे. १८६०च्या दशकाच्या आरंभी नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहांत विजेच्या दिव्याच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. एकेका चित्रासाठी त्याला १८ मिनिटांपर्यंत कॅमेरा उघडा ठेवावा लागे. तेवढा वेळ माणूस निश्चल उभा राहू शकत नाही, म्हणून त्याने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. १८६५ साली पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने इजिप्तच्या महापिरॅमिडच्या अंतर्भागात मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्रे घेतली. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त स्फोटक भुकटी निघाली. तिचा प्रकाश लख्ख पडे, परंतु पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट उठे. पुढे १९२९ च्या सुमारास बंद काचेतील फ्लॅशचा बल्ब आणि त्यानंतर विजेवर चालणारा फ्लॅश आला. धूर गेला, पण झगमगाट राहिला.

या इतिहासात कोल्हापूरचेही एक मानाचे पान आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली काढलेल्या 'सिंहगड' या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला आणि भारतीय चित्रपटात तो प्रथम करण्याचे श्रेय बाबूरावांना दिले जाते. त्याआधी चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच चाले. कडक ऊन सौम्य करण्यासाठी वर कापड ताणायचे आणि सावलीत उजेड नेण्यासाठी परावर्तक फळ्या धरायच्या, ही त्या काळची रीत होती. म्हणजे या नगरीने दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. नाही तेथे दिवा लावण्याचे धाडस आणि आहे तो उजेड वळवून वापरण्याचे चातुर्य. लेण्यांच्या छायाचित्रणात या दोहोंपैकी आधी काय करावे, हाच आजचा मुख्य प्रश्न आहे.

त्याचे उत्तर थोडक्यात असे सांगता येईल की, सत्य दिसण्यासाठी जितका आवश्यक आहे तितकाच प्रकाश घ्यावा, त्याहून अधिक घेऊ नये. हे वाक्य उपदेशासारखे वाटेल, परंतु त्यामागे साधे गणित आहे.

प्रकाश मोजण्याचे एकक लक्स हे आहे. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे, जलरंगातील चित्रे, हस्तलिखिते अशा नाजूक वस्तूंवर सर्वसाधारणपणे ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. जुनी पैठणी जेथे मांडलेली असते ते दालन अंधारे का वाटते, याचे कारण हेच आहे. कापडाच्या व्यापारातील प्रत्येकाला माहीत असते की, दुकानाच्या दर्शनी भागात महिनाभर टांगून ठेवलेल्या साडीचा वरचा पदर विटतो आणि घडीच्या आतला रंग ताजा राहतो. लेण्यांतील रंग बहुतांशी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना यांसारख्या पदार्थांचे असल्यामुळे साडीच्या रंगापेक्षा ते पुष्कळ टिकाऊ आहेत. तथापि रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक आणि खालचा गिलावा हे तितके टिकाऊ नसतात. उष्णता आणि आर्द्रतेतील चढउतार यांनी ते सुटत जातात.

आता कॅमेऱ्याचा हिशेब पाहावा. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवले, तर ५० लक्स प्रकाशात सुमारे ३ सेकंदांत योग्य छायाचित्र मिळते. प्रकाश केवळ ५ लक्स असेल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम वाट दिसेल इतका, तर अर्धा मिनिट लागतो. छतावरील चित्र अर्ध्या मिनिटात हलत नाही. मूर्ती तर हजार वर्षे हललेली नाही. घाई असते ती यात्रेकरूला, कारण खाली बस उभी असते. तेव्हा कमतरता बहुधा प्रकाशाची नसून थांबण्याची असते.

म्हणून लेण्यांच्या छायाचित्रणासाठी पहिली खरेदी दिव्याची नसावी. ती मजबूत ट्रायपॉडची असावी. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या मुनींप्रमाणे कॅमेरा निश्चल राहिला पाहिजे. ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोपणे असावीत, म्हणजे जमिनीवर ओरखडे उठत नाहीत. बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. छायाचित्र रॉ या स्वरूपात नोंदवावे, म्हणजे रंगांची दुरुस्ती नंतर प्रामाणिकपणे करता येते. आणखी एक खबरदारी म्हणजे कॅमेऱ्याचा मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यामुळे चित्रात राखाडी उमटतो. मापकाने सांगितले त्यापेक्षा एक-दीड टप्पा कमी प्रकाश दिला, तर पाषाण पाषाणासारखा दिसतो.

केवळ नैसर्गिक उजेडावर विसंबून किती साधता येते, याचे उत्तम उदाहरण अजिंठ्याचेच आहे. बिनॉय बहल यांनी १९९१ साली तेथील चित्रे अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घकाळ कॅमेरा उघडा ठेवून टिपली. झगमगीत दिव्यांखाली घेतलेल्या छायाचित्रांत न दिसलेले रंगांचे मार्दव त्यांत जगाला दिसले.

दुसरी खरेदी कोल्हापूरच्या कोणत्याही कापडपेठेत होऊ शकते. दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद पांढरे सुती कापड बांबूच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून बसवावे. लेण्याच्या दाराशी ऊन येते त्या जागी ते तिरपे धरले की मऊ, पसरलेला उजेड आतपर्यंत पोहोचतो. अजिंठ्यात पूर्वी अशा परावर्तकांनी सूर्यप्रकाश आत घेण्याची पद्धत होती आणि मूळ चित्रकारांनीही काहीशी अशीच युक्ती केली असावी, असे मानले जाते. कापड घेताना मात्र एक गोष्ट जपावी. बाजारातील शुभ्र कापडावर बहुधा चकाकी आणणाऱ्या रसायनाची प्रक्रिया झालेली असते. ते रसायन उन्हातील अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते. डोळ्यांना ते कापड अधिक पांढरे दिसते, परंतु छायाचित्रात निळी झाक येते. कोरा मांजरपाट याउलट पिवळसर उजेड देतो. म्हणून नीळ वा चकाकी न दिलेले, साधे धुतलेले पांढरे सुती कापड उत्तम. आरसा किंवा चकचकीत पत्रा रंगीत चित्रांच्या बाबतीत वापरू नये. कापड ऊन पसरवते. आरसा मात्र तेच ऊन, त्याची उष्णता व अतिनील किरणांसह, एका ठिकाणी नेऊन आदळतो.

एवढे करूनही काही गर्भगृहे अशी असतात की तेथे दाराचा उजेड पोहोचत नाही. तेथे दिव्याची गरज पडते. बाजारात उपलब्ध असलेल्या साधनांचा गुणदोषांसह विचार तेथून सुरू होतो.

कॅमेऱ्यावर बसविलेला किंवा मोबाईलमधला फ्लॅश सर्वांत सोयीचा आणि या कामाला सर्वांत निरुपयोगी आहे. तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे प्रकाश सरळ समोरून पडतो आणि सावल्या मूर्तीच्या मागे लपतात. शिल्प म्हणजे उंचसखलपणा आणि उंचसखलपणा दिसतो तो सावलीमुळे. सावलीच नाहीशी झाली की शिल्पाचे चित्र सपाट होते. शिवाय हवेतील धूळ व ओलावा चमकून पांढरे ठिपके उमटतात. एका फ्लॅशने चित्रांची इजा किती होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो आणि एका वेळची इजा अत्यल्प असते. परंतु वर्षाकाठी लाखो प्रवासी येणाऱ्या ठिकाणी प्रत्येकाने तोच विचार केला, तर हिशेब वेगळा होतो. थेंबाथेंबाने तळे साचते, ते नुकसानीचेही साचते. म्हणून अजिंठ्यासारख्या चित्रित लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ती सर्वांनी मनापासून पाळावी.

पूर्वी लग्नसमारंभांत वापरले जाणारे हॅलोजनचे मोठे दिवे प्रकाश भरपूर देतात. परंतु १००० वॅटच्या अशा दिव्याला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. छताच्या चित्राखाली तो अर्धा तास तापला, तर गिलावा तापून कोरडा होतो आणि दिवा काढताच पुन्हा थंड होतो. जुन्या गिलाव्याला हे आकुंचन-प्रसरण सोसत नाही. त्यातच लेण्यात वीज नसेल तर जनरेटर आला, त्याचा धूर आणि कंपने आली. असा दिवा लेण्यात नेऊच नये.

राहिला एलईडी. निळा एलईडी विकसित करणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. त्याच्या झोतात उष्णता फारच कमी असते, अतिनील किरण जवळजवळ नसतात, तो बॅटरीवर चालतो आणि हवा तितका मंद करता येतो. ३० वॅटचा पॅनल ९५ वॅट-तासांच्या बॅटरीवर सुमारे तीन तास चालतो. लेण्यांसाठी आज हेच साधन योग्य आहे. मात्र सर्व एलईडी सारखे नसतात, आणि येथे कापडवाल्याचा अनुभव उपयोगी पडतो.

महाद्वार रोडवरील कोणत्याही दुकानात साडी पसंत पडली की गिऱ्हाईक ती घेऊन दाराशी जाते. आतल्या दिव्यात जो रंग मोरपंखी वाटला, तो उन्हात निराळाच निघतो. ब्लाऊजपीस आत जुळतो आणि बाहेर जुळत नाही. हा दोष कापडाचा नसतो. दुकानातील दिव्याच्या प्रकाशात सूर्यप्रकाशातले सर्व रंग सारख्या प्रमाणात नसतात, म्हणून असे होते. दिवा रंग किती खरे दाखवतो, त्याचे मापन सीआरआय या अंकाने करतात. त्याची कमाल मर्यादा १०० आहे. लेण्यांच्या कामासाठी हा अंक ९५ किंवा अधिक असलेला दिवा घ्यावा. एवढ्यावरही थांबू नये. सीआरआय ही आठ फिकट रंगांवरून काढलेली सरासरी आहे आणि गडद तांबडा रंग त्या आठांत येतच नाही. त्याचा अंक आर ९ या नावाने वेगळा दिलेला असतो. ८० सीआरआय असलेल्या स्वस्त दिव्याचा आर ९ शून्याच्या जवळपासही असू शकतो. लेण्यांच्या चित्रांत गेरूचा वाटा मोठा आहे. तांबडे न दाखवणारा दिवा तेथे नेणे म्हणजे कुंकवाच्या खरेदीला रंगांध माणसाला पाठविण्यासारखे आहे. म्हणून दुकानदाराकडे आर ९ चा अंक मागावा आणि तो ९० च्या आसपास नसेल तर दिवा परत करावा.

दिव्याची छटा केल्व्हिन या एककात सांगतात. दुपारच्या उन्हाची छटा सुमारे ५५०० केल्व्हिन असते, हॅलोजनची ३२०० केल्व्हिन असते. दारातून दिवसाचा उजेड येत असताना आत पिवळा दिवा लावला, तर मूर्तीचा एक गाल निळा आणि दुसरा पिवळा उमटतो. म्हणून दिवा ५५०० केल्व्हिनच्या आसपासचा घ्यावा. प्रत्येक प्रकाशयोजनेत पहिले छायाचित्र रंगपट्टीसह घ्यावे. गजाशिवाय कापड मोजता येत नाही, तसेच रंगपट्टीशिवाय रंग मोजता येत नाही. ज्यांना अशा पट्टीची किंमत जास्त वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की, पट्टी नसलेल्या हजार छायाचित्रांवर अभ्यासक विश्वास ठेवू शकत नाही.

आता दिवा कोठे ठेवावा? यासाठी समोर काय आहे ते पाहावे. सपाट भिंतीवरील चित्र असेल तर सारखे दोन दिवे दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, भिंतीशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात ठेवावेत. दिवा दुप्पट दूर नेला की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हा नियम लक्षात ठेवून अंतर फुटपट्टीने मोजावे. जुन्या काळी चित्रे उजळ दिसावीत म्हणून अजिंठ्यात काही ठिकाणी रोगण लावले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि आज त्याची चकाकी छायाचित्राला आड येते. अशा जागी दिव्यापुढे ध्रुवणपटल आणि भिंगापुढे त्याच्याशी काटकोनात फिरवलेले दुसरे ध्रुवणपटल लावले की चकाकी नाहीशी होते. चित्राला हात न लावता ते स्पष्ट दिसण्याचा हा मार्ग आहे.

शिलालेख किंवा आसनावरील झिजलेले लांछन असेल, तर दिवा भिंतीला जवळजवळ घासून, १० ते २० अंशांच्या कोनात धरावा. उथळ कोरीव रेषा तेव्हा सावली धरतात. मावळातील पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक छोटा शिलालेख आहे. पाण्याचे टाके व लेणे दान दिल्याची त्यात नोंद आहे. त्याचा आरंभ णमोकार मंत्राच्या पहिल्या पदाशी जुळणाऱ्या शब्दांनी होतो, म्हणून अनेक अभ्यासक तो जैन मानतात. अशा लेखाचे एकच छायाचित्र पुरत नाही. दिवा डावीकडून, वरून, उजवीकडून व खालून फिरवत, कॅमेरा मुळीच न हलवता, अनेक छायाचित्रे घ्यावीत. ती संगणकावर एकत्र करून हव्या त्या दिशेचा प्रकाश पाडून वाचण्याची पद्धत २००१ पासून विकसित झाली आहे. अक्षरे दिसावीत म्हणून खडू घासणे, पाणी शिंपडणे वा तेल लावणे यांची आता काहीच गरज राहिलेली नाही.

आणि मूर्ती असेल तर? तेथे अजिंठ्याच्या त्या बॅटरीची आठवण ठेवावी. तीर्थंकरांच्या मूर्तीचे सारे सौंदर्य वीतराग भावात आहे. त्या मुखावर राग नाही, लोभ नाही, स्मितही असले तर अंतर्यामीचे. दिवा खाली जमिनीवर ठेवून वर रोखला, तर हनुवटी व भुवयांच्या सावल्या उलट्या पडतात आणि तेच मुख उग्र दिसू लागते. अगदी बाजूने टाकला, तर अर्धे मुख लुप्त होते. म्हणून मुख्य दिवा एका बाजूस, मूर्तीच्या मस्तकापेक्षा थोडा उंच ठेवावा. त्यापुढे पातळ पांढरे कापड धरून तो मऊ करावा आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कापडाचा परावर्तक ठेवून सावली थोडी उजळावी. शिल्पकाराला अभिप्रेत असलेला उजेड बहुधा दाराच्या बाजूचा असतो. दिवा लावण्यापूर्वी काही मिनिटे शांतपणे बसून तो उजेड कसा येतो ते पाहिले, तर दिव्याची जागा आपोआप सापडते. बाहुबलींच्या पायांवरील वेली आणि पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणा वेगळ्या, तिरप्या प्रकाशात घ्याव्यात. एकाच चित्रात सर्व काही दाखविण्याचा लोभ धरू नये.

मोठा सभामंडप एका-दोन दिव्यांत मावत नाही. तेथे कॅमेरा २०-३० सेकंद उघडा ठेवून, हातातील एलईडी सतत हलवीत खांबाखांबावरून उजेड फिरवावा. चित्रकार कुंचला फिरवतो तसे हे काम असते. धाराशिवच्या लेण्यांसारख्या खोल, ओलसर ठिकाणी जेथे सामान नेणेच कठीण, तेथे ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

साधनांबरोबर मर्यादांचाही विचार झाला पाहिजे. सूर्यास्तानंतर न जेवण्याच्या आचारामागे दिव्याभोवती गोळा होणाऱ्या सूक्ष्म जीवांची काळजी आहे, हे येथे कोणाला सांगावयास नको. लेण्यातही दिवा लावला की कीटक येतात. अतिनील व निळ्या प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात. म्हणून चित्र घेण्यापुरताच, काही सेकंद, दिवा लावावा आणि लगेच मालवावा. वटवाघळांची वस्ती असेल तर त्या दालनात दिवा नेऊच नये. पिल्ले असण्याच्या काळात तर मुळीच नाही. ही केवळ जीवदया नाही, तो लेण्याच्याही हिताचा मार्ग आहे. फ्रान्समधील लास्को येथील प्रागैतिहासिक गुहाचित्रे १९४० साली सापडली, १९४८ साली लोकांसाठी खुली झाली आणि १९६३ साली ती गुहा बंद करावी लागली. प्रवाशांच्या श्वासाने आणि सतत जळणाऱ्या दिव्यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ चढले होते. हजारो वर्षे अंधारात सुरक्षित राहिलेली चित्रे पंधरा वर्षांच्या उजेडात धोक्यात आली. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड व दिवे नेण्यासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती अडवणूक न मानता या इतिहासातून आलेले शहाणपण मानावे.

खर्चाविषयी एक व्यावहारिक सूचना. दिव्यांची पिढी दर काही वर्षांनी बदलते आणि त्यांचे मूल्य झपाट्याने घटते. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी महाग दिवे खरेदी करणे हिशेबाला धरून नाही. कोल्हापुरातील लग्नसमारंभांचे छायाचित्रकार चांगले एलईडी पॅनल बाळगून असतात. ते भाड्याने घ्यावेत, मात्र सीआरआय व आर ९ पाहून घ्यावेत. ट्रायपॉड, रंगपट्टी आणि पांढरे कापड या तीन वस्तू मात्र स्वतःच्या असाव्यात. त्या जुन्या होत नाहीत.

शेवटी नोंदींच्या जतनाविषयी. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगविलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या आगीत जळून गेल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे श्रम एका ठिकाणी ठेवल्यामुळे गेले आणि दरम्यान भिंतीवरची मूळ चित्रेही झिजत राहिली. आज एका तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये हजारो छायाचित्रे राहतात, ती डिस्कही एके दिवशी बंद पडते. म्हणून किमान तीन प्रती, तीन वेगळ्या गावी ठेवाव्यात. प्रत्येक छायाचित्रासोबत लेण्याचा क्रमांक, दालन, तारीख आणि प्रकाश कोणता व कोणत्या बाजूने होता, ही नोंद असावी. मूर्तीचे नाव निश्चित नसेल तर अंदाजाने लिहू नये. इंद्रसभेच्या नावाने एकदा झालेली चूक अजून चालत आली आहे.

एका संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण झाली. शंभरावे वर्ष साजरे होईल तेव्हा या सभागृहातील बरेच जण नसतील. त्या वेळच्या एखाद्या मुलीने वेरूळच्या छतावरचे रंग मूळचे कसे होते, असे विचारले, तर तिच्या हाती पांढरा फटफटीत डाग पडावा की खरा गेरू पडावा, हे आज लेण्यात जाणाऱ्या तरुणांच्या हाती आहे. पुढील यात्रेला निघताना त्यांनी मोबाईलचा फ्लॅश बंद करावा, पिशवीत दोन मीटर पांढरे कापड घ्यावे आणि मूर्तीपुढे घटकाभर नुसते बसावे. एवढी सुरुवात पुरेशी आहे.